पंचफुलाबाईची माफी

नांदेडला नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लुंबिनीनं त्या वर्षी आठ विद्यार्थी घेऊन बिलोलीजवळच्या एका गावात दीड महिना शिबिर घेतलं. गावातल्या सात बायाही त्यात आल्या. सगळ्यांनी मिळून चालायचं आणि कुणी खूण न करता एकदम थांबायचं, हा पहिला धडा. विद्यार्थी चुकायचे, बाया चुकायच्या नाहीत. "खुरपताना शेजारणीची पात बघूनच हात चालतो की," पंचफुलाबाई हसून म्हणाली.

नाटक सगळ्यांनी मिळून रचायचं, प्रत्येकानं आपल्या जगण्यातलं काहीतरी त्यात घालायचं असं ठरलं होतं. पंचफुलाबाई तीन आठवडे गप्पच. मग एका दुपारी समाजमंदिरात ती उभी राहिली आणि लेकीबद्दल बोलली. महामायाला लातूरला नर्सिंगला जायचं होतं, नंबरही लागला होता. हिनं प्रवेशाचं पत्र चुलीत घातलं आणि पोरीचं औशाला लग्न लावून दिलं. चार वर्षं लेक बोलली नव्हती. "म्या चुकले, माय," एवढं म्हणून ती खाली बसली. नाटकाचा शेवट तोच ठरला.

नाटक लातूरच्या युवक महोत्सवात जायचं होतं. तिथं फक्त विद्यार्थीच उतरू शकतात, हे लुंबिनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वेळ आली की बघू, म्हणत तिनं बायांना सांगायचं टाळलं. विभागप्रमुख अमृतरावांनी वाटही दाखवली होती. "स्पर्धेबाहेर प्रयोग करा. बक्षीस मिळणार नाही, एवढंच." पण लुंबिनीला बक्षीस हवं होतं. चार दिवस आधी तिनं पंचफुलाबाईला फोन करून नियम सांगितला.

"पर म्या लेकीला बोलिवलंय, मॅडम. लई विनवण्या केल्यावर हाव म्हणलीय."

"मग दोघी या ना. तुमचं काम आमची शिवांगी करेल. शब्द तर तुमचेच आहेत, मावशी."

पलीकडून नुसतं, "बरं."

शिवांगीनं काम चोख केलं. पंचफुलाबाईचं अडखळणंसुद्धा तिनं उचललं होतं. 'म्या चुकले, माय' आलं तेव्हा लोक डोळे पुसत होते. विंगेतून लुंबिनीला दिसलं, तिसऱ्या रांगेतली एक तरुणी उठली आणि दाराकडं निघाली. पंचफुलाबाई तिच्या मागं धावली.

प्रयोगानंतर लुंबिनी बाहेर आली, तेव्हा पंचफुलाबाई पायरीवर एकटीच बसली होती.

"काय म्हणाली महामाया?"

"म्हणली, माफीबी दुसरीच्या तोंडून मागतीस व्हय?" पंचफुलाबाईनं वर पाहिलं नाही. "म्या हुभी असते तर तिनं माफ केलं असतं का, ठावं न्हाई. पर म्या हुभी असते."

पहिलं बक्षीस मिळालं. महिन्यानं लुंबिनी गावात गेली. बायांनी जय भीम केला, चहा दिला, पण नव्या नाटकाचं नाव काढताच एकेक जण उठून कामाला लागली. पंचफुलाबाई रानातून आलीच नाही.

मग लुंबिनी औशाला गेली. महामाया दारातच उभी राहिली. लुंबिनीनं सगळं सांगितलं, नियम, तो फोन, आपला हावरेपणा. "चूक माझी आहे. तुझ्या आईला स्वतः बोलायचं होतं. तिला खरंच वाटतं की..."

"मॅडम," महामायानं अडवलं, "आजबी तुमी तिच्या वतीनंच बोलून राहिल्या."

लुंबिनी वळली.

"तिला म्हणावं..." मागून महामायाचा आवाज आला आणि मध्येच थांबला. "ऱ्हाऊ द्या. तुमी काई सांगू नका."