रंग उतरेना

प्रभुदासला झटका आला तो भरल्या ताटावर. घास हातातच राहिला, डोळे फिरले आणि कारेगावच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहणारा तो धिप्पाड गडी भुईवर पडून तडफडायला लागला. "देवा परमेश्वरा!" त्याची बायको मेरी किंचाळली आणि तिनं आधी तांब्या उचलला. माणूस पडला की पाणी पाजायचं, हे काय कुणी शिकवावं लागतं होय? पण दातखीळ बसलेली. सगळं पाणी गळ्यावरून ओघळून गेलं.

घरमालकीण गिताबाईनं नवऱ्याला पिकअप काढायला लावली. शिरूरच्या दवाखान्यात पोचेस्तोवर झटका थांबला होता, पण शुद्ध नव्हती. मेरी त्याची कारखान्यात न्यायची पाण्याची बाटली छातीशी धरून बसली होती. खाटेजवळ तिनं ती त्याच्या ओठाला लावली मात्र, नर्स अंगावर धावून आली.

"पाणी देऊ नका! अजिबात नाही!"

मेरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पाणी नको? असं कुठं असतं का?

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "रक्तातलं मीठ पार तळाला गेलंय. पाणी किती पितात हे?"

"लई पितात बाई," मेरी जरा ऐटीतच म्हणाली. "मीच पाजते. तरी रंग उतरंना."

"कसला रंग?"

मग मेरीनं सांगितलं. कारखान्याच्या मुतारीत रंगांचा तक्ता लावलाय. लघवी फिकी तर ठीक, पिवळी दिसली तर पाणी प्या. चांगलंच आहे की, भट्टीपुढं माणूस सुकतोच. प्रभुदास म्हणजे सांगितलेलं अक्षरशः पाळणारा. त्याची लघवी हळदीसारखी पिवळीधमक. बाटलीमागून बाटली रिचवली, पोटाचा नगारा झाला, तरी रंग आपला तसाच. तो घाबरला. मेरी तर त्याहून.

"आन् गिताबाई म्हनल्या, कावीळ हाय ही, मीठ तोड. म्हनून अळणी घालत हुते."

"अळणी!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "घामावाटे मीठ चाललंय, वरून पाण्याचा मारा, आणि ताटातलंही मीठ बंद? गोळ्या काही चालू होत्या?"

"तोंड आलं हुतं त्यांचं. बी-कॉम्प्लेक्स आनली मेडिकलातून. ताकदीची असती ना? म्हनून जरा जास्तच देत हुते."

"बाई, तो गोळीचा रंग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ना पाणी कमी होतं, ना कावीळ होती. गोळी चालू आहे तोवर कितीही पाणी प्या, पिवळाच राहायचा. भिंतीवरच्या तक्त्याला काय ठाऊक, कोण काय खाऊन आलंय!"

गोळी मेरीच्याच हातची, अळणी कालवणही तिचंच, आणि रोज बाटल्या भरून द्यायची तीही तीच. जीव लावला लावला म्हणता जिवावरच उठली की काय ती! तिला रडूसुद्धा फुटेना. "वाचतील का वं?" तिनं विचारलं.

"सलाइनमधून मीठ चढवतोय, पण दमादमानं. शुद्धीवर आले की कळेल. मी सांगितल्याशिवाय पाणी मात्र द्यायचं नाही."

पाखरं बोलायला लागली तेव्हा प्रभुदासनं डोळे उघडले. कुठं आहोत ते त्याला उमगेना. मेरीचा चेहरा दिसला तसा त्यानं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मेरे... रंग उतरला का गं?"

तिचा हुंदका फुटला. मान हलली, होय की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.

"न्हाई ना? मग दे पानी."

त्यानं हात पुढं केला. आजवर त्यानं पाणी मागितलं आणि मेरीनं दिलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. तिनं बाटली पदराखाली घट्ट दाबून धरली आणि रडत रडत म्हणाली, "न्हाई देनार."