गिरजाबाईंचं रडू

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी शहरातून समुपदेशनाच्या मॅडम आल्या, तेव्हा गडब गावाजवळच्या त्या वाडीतली सगळी माणसं शाळेत आपापलं दुःख घेऊन बसली होती. फक्त समीक्षाची सासू, गिरजाबाई, शेजारच्या इंदुबाईंबरोबर शेतावर होती.

मॅडमनी पाच चेहऱ्यांचा तक्ता लावला. ज्याला जसं वाटतं त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. हैबतरावांची फक्त प्लास्टिकची खुर्ची वाहून गेलेली. पण त्यांनी रडक्यावर बोट ठेवून असा हुंदका दिला, की मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. मग साऱ्या रांगेलाच रडका पसंत पडला.

"गाय गेली ना तुमची? आणि सासूबाई रडल्याच नाहीत?" मॅडमनी समीक्षाला विचारलं. "लक्ष ठेवा. न रडणारी माणसं अचानक कोसळतात."

समीक्षा बी.ए. झालेली, कडेवर दहा महिन्यांची नूतन. काळजीला एवढं पुरे होतं. ती तडक शेतावर गेली, मागून चपला हातात घेऊन मॅडम.

गिरजाबाईंची रोपं पुरात गेली होती. इंदुबाईंनी आपली उरलेली उपटून, मुठी बांधून दिली; ती आजच लावली नाहीत, तर वर्षाचा भात बुडाला.

"आई, तुम्हाला आत कसं वाटतंय?"

"आत म्हंजे कुठं गो? पोर इंदूकडं दे नि त्या मुठी फेक इकडं."

"आजी, मन मोकळं करा," मॅडम बांधावरून म्हणाल्या.

"करते की. एवढा तुकडा लावून होऊ दे."

मॅडमना चारपर्यंत रोह्याला पोचायचं होतं. त्यांनी कागदावर 'परिणाम नाही' असं लिहिलं आणि त्या गेल्या.

मुठी फेकता फेकता समीक्षाला दिसलं, सासूनं लुगडं खोचून वरून गाईचं दावं आवळलं होतं.

दिवस कलला, शेवटची मूठ लागली. गिरजाबाई बांधावर टेकल्या.

"मॅडम गेली?"

"गेल्या. तुम्हाला काय झालं नाय, असं लिवलंय."

"बरं झालं. नायतर उद्याचा दिस पण घालवला असता."

त्यांनी कमरेचं दावं सोडलं, तोंडाशी धरलं, आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. समीक्षाला दीर्घ श्वासाबद्दल काहीतरी सांगायचं होतं. ती नुसतीच त्यांना टेकून बसली.

रस्त्यावरून हैबतराव चालले होते. ते थांबले, हळहळले.

"अगो गिरजे, आता रडून काय उपेग? गाडी गेली त्यांची."