मायनसवरची उभी रेघ

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात एम.एस्सी. फिजिक्सची जर्नलं एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वारसाहक्कानं जात. प्रयोग करायचा तो नुसता हजेरीपुरता. आकडे उतरवायचे जुन्या जर्नलमधून. सरही पान उलटून सही ठोकत. सगळ्यांचं बरं चाललं होतं. मोहिनी भोयेनंही वर्षभर चारचौघींसारखंच केलं होतं, उगाच खोटं कशाला बोला.

नव्व्याण्णव सालच्या एप्रिलात सॉलिड स्टेटच्या प्रॅक्टिकल परीक्षेत तिला चिठ्ठीवर हॉल इफेक्ट आला. जर्मेनियमची नखाएवढी चकती चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरायची, तिच्यातून करंट सोडायचा आणि आडव्या बाजूनं येणारं व्होल्टेज मोजायचं. प्लस आलं तर चकती पी-टाइप, मायनस आलं तर एन-टाइप. चकती बसवलेल्या पट्टीवर लेबल होतं पी-टाइपचं. जुन्या जर्नलमध्येही पी, त्याच्या आधीच्यातही पी. मोहिनीच्या मीटरवर मात्र मायनस आलं.

हरसूलच्या ज्युनिअर कॉलेजात जूनपासून शिकवायला तिला बोलावलं होतं, पण फर्स्ट क्लासच्या अटीवर, आणि फर्स्ट क्लास या प्रयोगाच्या मार्कांवर येऊन अडला होता. तिनं वायरी तपासल्या. लालला लाल, काळीला काळी. होकायंत्रानं चुंबकाचं उत्तर टोक पाहिलं. करंट उलटवला, मग चुंबक उलटवलं. चिन्ह जिथं बदलायला हवं तिथं बदललं आणि सगळं पूर्ववत केल्यावर पुन्हा मायनसवर येऊन बसलं.

शेजारच्या टेबलावरून निफाडची स्नेहल कुजबुजली, "अगं, मायनसवर एक उभी रेघ मार. झालं प्लस."

मोहिनीनं पेन उचललंसुद्धा. एवढ्याशा रेघेनं कोणाचं काय बिघडणार होतं? पण नेमका तेव्हाच तिला तिचा बाप आठवला.

पुंजा हरसूलच्या बाजारात नागली, म्हणजे नाचणी, विकायचा. व्यापाऱ्यानं तागडीत माल तोलला की म्हणायचा, "आता पारडी बदला." माल वजनाच्या पारड्यात, वजनं मालाच्या पारड्यात. दोन्ही वेळा काटा मधोमध राहिला तरच तोल खरा. व्यापारी करवादायचे, मागची माणसं खोळंबायची, आणि शेजारी उभ्या छोट्या मोहिनीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुंजा मात्र जागचा हलायचा नाही.

पारडी तर तिनंही बदलून पाहिली होती. तिनं मायनसच ठेवलं आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, एन-टाइप.

पुण्याहून आलेले परीक्षक तिचा कागद वाचून म्हणाले, "लेबल वाचलं नाही का तुम्ही?"

"वाचलं, सर. पण मीटर वेगळं सांगतंय." तिनं कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "करंट उलटवून पाहिला, चुंबकही उलटवलं. म्हणून मीटरचंच लिहिलं."

परीक्षकांनी सोल्डरिंग आयर्न मागवलं. ते तापल्यावर त्याचं टोक चकतीच्या एका कडेला टेकवलं आणि दोन्ही कडांमधलं व्होल्टेज पाहिलं. गरम बाजू प्लस झाली; या चाचणीत गरम बाजू प्लस म्हणजे चकती एन-टाइप.

"एनच आहे," ते म्हणाले. "मग लेबलाचं काय?"

सोल्डरिंग आयर्न आणून देणारे लॅब अटेंडंट देवराममामा पुढं झाले. "सर, पहिली चकती माझ्याच हातून फुटली. नवी आली तिला लेबलच नव्हतं. जुनं लेबल लय चांगलं होतं, म्हटलं वाया कशाला घालवा. काढलं आन् हिला लावलं."

"किती वर्षं झाली?"

"असतील पाच."

पाच वर्षं, पाच बॅचा, आणि एकजात सगळे पास. बाजूला उभ्या विभागप्रमुखांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. परीक्षक हसले आणि त्यांनी मोहिनीच्या कागदावर मार्क लिहिले. किती ते तिला दिसले नाहीत.

परीक्षक गेल्यावर देवराममामांनी ब्लेडनं जुनं लेबल खरवडलं आणि कोरा कागद तिच्यापुढं ठेवला. "ताई, आता तूच लिव्ह. माझ्या हाताचा भरवसा नाय."

जूनमध्ये निकाल लागला. फर्स्ट क्लास. मोहिनी आनंदानं फुलून गेली. पुंजाला जर्मेनियम ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी तिनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पारडी बदलून पायली व्हती ना?"

"पायली व्हती, बा."

"मंग काय."

पुढच्या बाजारी ती त्याच्याबरोबर गेली. व्यापाऱ्यानं नागली तोलली आणि घाईघाईनं पोत्यात ओतायला पारडं उचललं. पुंजा तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या मागून खणखणीत आवाज आला, "भाऊ, आधी पारडी बदला."