ओली गोणपाटं

आमच्या इस्त्रीखान्याला पत्र्याचं छप्पर होतं. खाली दोन रांगांत वाफेच्या इस्त्र्या, त्यांच्या पुढे आम्ही घडी घालणाऱ्या बायका आणि टोकाला भिंतीआड बॉयलर. दुपार चढली की वरून पत्रा भाजायचा आणि खालून इस्त्र्या. बॉयलरला लागून असलेलं टेबल माझ्या मोठ्या दिरांचं. पांढरे शर्ट त्यांच्याखेरीज कुणाच्या हाती देत नसत.

उन्हाळा तापला तसे एके दिवशी भाऊजींनी इस्त्री नीट जागेवर ठेवली, टेबलाला धरून सावकाश खाली बसले आणि उठेचनात. पाणी मारलं, पुठ्ठ्याने वारा घातला, तेव्हा कुठे डोळे उघडले. मालक वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची मागवली, आपल्या हाताने पाणी पाजलं आणि मग ह्यांना बाजूला घेतलं.

"परत असं झालं तर मी त्यांना ठेवू शकणार नाही. काही कमीजास्त झालं तर मी तोंड कुणाला दाखवू?"

हे तिथेच फिटर. नळ गळो की इस्त्री बिघडो, हाक ह्यांनाच. घर दोघा भावांच्या कमाईवर चालतं आणि ह्या वयात भाऊजींना दुसरीकडे कोण उभं करणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हे म्हणाले, "वर दोन मोठे पंखे बसवू, वाफ बाहेर ओढणारे."

"आधी स्वस्तात काय होतं ते बघ," मालक म्हणाले. "पारा नाहीच उतरला तर पंख्यांचं बोलू." आणि त्यांनी खिडकीशेजारी थर्मामीटर टांगायला लावलं, ऑफिसच्या काचेतून दिसेल असं.

सुट्टीच्या दिवशी हे चुन्याची बादली घेऊन छपरावर चढले आणि सगळा पत्रा पांढरा करून उतरले, पायांना फोड घेऊन. मग वाफेच्या नळाला जुन्या चिंध्या गुंडाळून तारेने आवळल्या. दोन्हींनी खरंच फरक पडला. डोक्यावरची आग कमी झाली, नळाला चुकून हात लागला तरी चटका बसेना. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण ह्यांना अजून एक सुचलं होतं. खिडक्यांना गोणपाटं टांगायची, वर भोकं पाडलेला पाइप, पाणी दिवसभर झिरपत राहणार, वारा गार होऊन आत येणार. मित्राच्या लेथच्या कारखान्यात त्यांनी हे पाहिलं होतं. तिथली हवा कोरडी होती. इथे रांगेने इस्त्र्या वाफ सोडत होत्या, त्याचा विचार कुणीच केला नाही.

गोणपाटं लागली आणि सकाळी तासभर छान वाटलं. दुपारपर्यंत हवा अशी जड झाली, जणू गरम पाण्याने अंघोळ झालेल्या न्हाणीघरात दार लावून बसलोय. घाम यायचा आणि अंगावरच राहायचा. मी घडी घातलेल्या शर्टांच्या कॉलरी मऊ पडू लागल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला आम्ही रेडिओ म्हणायचो. ती हळूच म्हणाली, "वहिनी, आता दोन बेडूक आणून सोडले की झालं. त्यांची तरी सोय होईल."

"हळू बोल गं. ऐकतील."

"म्हणून तर हळू बोलतेय. एवढा खपलाय तो माणूस, त्याच्या तोंडावर कोण बोलणार?"

हे मध्येच येऊन विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि जो तो म्हणायचा, "बरं आहे." कुणी फोड पाहिले होते, कुणाची इस्त्री ह्यांनी जेवण सोडून दुरुस्त केली होती. मीही मान हलवली.

चार दिवसांनी मालक आले. थर्मामीटरपाशी गेले, चष्मा वर करून पाहिलं. ओल्या गोणपाटाच्या शेजारी पारा चांगला उतरला होता. मग ते भाऊजींपाशी थांबले.

"काय दादा, आता कसं?"

भाऊजींचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं. "गार वाटतं, मालक. धाकट्याने केलंय सगळं."

मालकांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बघ, डोकं चालवलं की होतं. मग पंख्यांचं आता राहू दे."

जेवायच्या सुट्टीत भाऊजींचा डबा तसाच होता. हे त्यांच्यासमोर बसले. "दादा, खरं सांग."

"तू उन्हात छपरावर चढलास. मी काय सांगू?"

"पण पंखे गेले ना."

"आणि त्रास होतो म्हणालो असतो तर मी गेलो असतो." भाऊजी हसले, पण त्यांना धाप लागली होती. "मला दोन्हीकडून तेच."

हे उठले आणि त्यांनी एकेक गोणपाट उतरवलं. हवा हलली, घाम सुकू लागला. तासाभरात पारा वर चढला आणि मालक काचेतून पाहून खाली आले.

"कुणी काढली?"

"मी. आत वाफ कोंडते, मालक. पारा उतरतो, पण माणसाला सोसत नाही."

"मघापर्यंत सगळ्यांना बरं वाटत होतं. मी स्वतः विचारलंय." मालकांचा आवाज चढला नाही. "माल घेणाऱ्यांचा माणूस बघायला येणार आहे, तो पाराच बघणार. परत लाव."

ह्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही घड्यांकडे पाहत होतो. आता कोण कुठल्या तोंडाने बोलणार? ह्यांनीच गोणपाटं परत टांगली, ह्यांनीच पाणी सोडलं. मी देवाचं नाव घेत राहिले. मागणं काही सुचत नव्हतं. निदान संध्याकाळ होऊ दे, एवढंच म्हणाले.

दिवस कलण्याआधीच भाऊजी खाली बसले. ह्यांनी पटकन त्यांची इस्त्री हातात घेतली, रेडिओ मुद्दाम ऑफिसच्या काचेसमोर आडवी उभी राहिली, पण मालकांनी पाहिलंच. ते आले, वाकले, फार मायेने बोलले. "दादा, आता घरी आराम करा. तुमच्या जिवापेक्षा काम मोठं नाही." ह्यांना म्हणाले, "आजचा माल तेवढा तू काढ."

म्हणून भाऊजींना बाहेर मी घेऊन आले. फाटकाबाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर सावली म्हणून नव्हती. भाऊजी भिंतीला टेकले. वाऱ्याने त्यांच्या सदऱ्याची पाठ सुटी झाली.

"इथं बरं वाटतं गं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू जा आत. तुझा अर्धा दिवस कापतील. मी जाईन हळूहळू."

"जाऊबाईंना काय सांगू?"

"मीच सांगेन."

ते रस्त्याच्या कडेने निघाले. वळणापाशी जाईपर्यंत मी उभी राहिले. मग आत आले, हात पुसले आणि पुढचा शर्ट घेतला. तो ह्यांनी इस्त्री केलेला होता. खांद्यावर चुणी राहिली होती. मी ती तशीच आत घडीत घातली.