आधी कट, मग उलट फोन

मित्रांनो, मी एक जुना मॉडेम आहे. टेलिफोनच्या तारेवरून एका संगणकाला दुसऱ्या संगणकाशी बोलायला लावणारी ही काळी पेटी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीही नसेल. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घंटी वाजली की तुम्हाला वाटते कोणीतरी आठवण काढली, मला वाटते कोणीतरी कडी वाजवून पाहतो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते भंडाऱ्यात, धान खरेदी करणाऱ्या एका संघाच्या कार्यालयात. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. लाखांदूरच्या खरेदी केंद्रावर माझ्यासारखाच दुसरा मॉडेम होता. तिथली ऑपरेटर रुपा संध्याकाळी त्याच्याकरवी मला फोन लावी, पासवर्ड देई आणि धान मोजायला आलेल्या शेतकऱ्यांचे नंबर आमच्या संगणकात भरी. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरांप्रमाणे मोजणी होई.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. व्यवस्थापक हिरालालसाहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणून माझी किरकिर ऐकवत. "पाहा, लाखांदूर बोलून राहिलं!" मी मात्र मनात म्हणे, साहेब, लाखांदूरच बोलते आहे कशावरून? तारेवरून चेहरा दिसत नाही. ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला दार उघडायचे, एवढेच मला शिकवलेले.

आता तो पासवर्ड कसा सांभाळला जाई ते ऐका आणि कपाळाला हात लावा. संगणक सांभाळणाऱ्या भावनाबाई दर महिन्याला तो बदलत. मोठ्या शिस्तीच्या बाई! पण लाखांदूर केंद्रावरचा बोलायचा फोन बिघडलेला, म्हणून रुपा शेजारच्या एसटीडी बूथवरून त्यांना फोन करी. त्या महिन्यात पासवर्ड होता 'लुचई', आपल्याकडच्या जुन्या धानाचे नाव. लाईनवर खरखर होती.

"ऐकू नाही येऊन राहिलं, बाई! जोरानं सांगा!"

"एल, लाखनीचा एल! यू, उमरेडचा! सी, चिचाळचा!" भावनाबाई ओरडत होत्या. गुप्त शब्द आमच्या कार्यालयात चहावाल्यापर्यंत पोचला. तिकडे बूथमध्ये रुपाही एकेक अक्षर तितक्याच जोरात परत म्हणत होती, वर खात्रीसाठी माझा नंबरही वाचून दाखवत होती. माझ्या अंगावर काटा आला.

थोड्याच दिवसांत एक घंटी वाजली. नंबर भरण्याची वेळ उलटून गेली होती. पासवर्ड बरोबर होता, पण किरकिर निराळी! लाखांदूरचा माझा भाऊबंद सर्दी झाल्यासारखा घोगरा, आणि हा आवाज खणखणीत. मला दाट संशय आला, पण मला विचारतो कोण? दार उघडले गेले आणि मोजणीचे नंबर खालीवर झाले. सुखराम नावाच्या शेतकऱ्याचा नंबर मागे गेला, त्याची पोती अंगणात पडून राहिली आणि अवकाळी पावसात भिजली.

बोभाटा झाला. नंबर रुपाच्या पासवर्डने बदलले होते, तेव्हा सगळ्यांची बोटे रुपाकडे वळली. तिची नोकरी तात्पुरती होती, तिला काढायला एक सही पुरे होती. चौकशीसाठी तिला भंडाऱ्याला बोलावणे गेले.

रुपा यायच्या आधी भावनाबाईंनी माझी व्यवस्था बदलली. साहेबांनी विचारले, "हे काय करून राहिल्या?"

"साहेब, आपन मिस्ड कॉल देतो न, तसंच. यानं फोन उचलला, पासवर्ड घेतला, का कट करन. मग यानंच लाखांदूर केंद्राच्या मॉडेमच्या नंबरवर उलट फोन लावायचा. दुसऱ्या कोनी पासवर्ड देल्ला तरी फोन जाईन केंद्रावरच."

मित्रांनो, इतकी शहाणी गोष्ट मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्या संशयाला पहिल्यांदाच कोणीतरी काम दिले होते!

रुपा आली. लाखांदूरच्या एसटीने आलेली, केसांवर धूळ. साहेबांसमोर उभी राहून ती एवढेच म्हणाली, "मी कोनालेच नाही सांगतलं, साहेब." डोळ्यांत पाणी होते. सहीचा कागद टेबलावर होता.

तेवढ्यात माझी घंटी वाजली. पासवर्ड आला, रुपाचाच, आणि किरकिर तीच खणखणीत. मी कट केले आणि लाखांदूर केंद्राला फोन लावला. रुपा इथे असल्याने केंद्राला कुलूप होते. कोणीच उचलला नाही. भावनाबाई पडद्याकडे पाहतच राहिल्या. "साहेब, रुपाच्या नावानं कोनीतरी आत येऊन राहिला. आन् रुपा तर इथं हाय!"

पुन्हा घंटी, पुन्हा कट. मग टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी स्पीकरचे बटण दाबले.

"लाखांदूर केंद्रावरून बोलून राहिलो जी. लाईन काहून कटून राहिली? रुपा मॅडमनं विचाराले सांगतलं."

"असं का? द्या बरं मॅडमले फोन."

"त्या... बाहेर गेल्या. येतेतच आता."

रुपाने डोळे पुसले आणि फोनपाशी वाकली. "आली मी. बोला, गोपीचंदभाऊ."

तिकडे खाडकन फोन आपटला गेला. गोपीचंद म्हणजे त्याच एसटीडी बूथचा मालक. त्याच्याकडे संगणकही होता आणि धान आधी मोजून हवे असलेले सोयरेही. साहेबांनी टेबलावरचा कागद फाडला आणि रुपाला बसायला खुर्ची दिली. चौकशीत ती इतका वेळ उभीच होती.

पुढे ब्रॉडबँड आले आणि मी कपाटात गेलो, धूळ खात पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? भंगारात निघालो तेव्हा रुपाने मला मागून घेतले. आता मी लाखांदूरला तिच्या घरी, टीव्हीशेजारी आहे. तार नाही, दिवे नाहीत.

परवा तिचा मोबाईल वाजला. गोड आवाज म्हणाला, "मॅडम, बँकेतून बोलतोय, आलेला आकडा सांगा." मी जागच्या जागी थरथरलो, पण ओरडणार कसा?

"ठेवा फोन," रुपा म्हणाली. "बँकेचा नंबर हाय माह्याजवळ. मीच लावतो."

तिने कट केले. मित्रांनो, तुम्हीही तसेच करा. संशय घ्यायचा तर वाजणाऱ्या घंटीचा घ्या, समोर उभ्या असलेल्या रुपाचा घेण्याआधी तिला बसायला खुर्ची द्या.