पेटी म्हणाली, कोणी नाही

डोळे मिटा बरं जरा. अगदी घट्ट, फटीतून बघायचं नाही. आता कल्पना करा, की तुम्ही धुळीच्या कणाहूनही बारीक झाला आहात. तुमचं घर म्हणजे डोंगरातला एक झरा. त्याचं पाणी इतकं कढत, की माणसानं बोट बुडवलं तर साल निघेल. तुम्ही मात्र त्यात मजेत आहात. तुम्हाला ना ऊन लागतं, ना हवा. दगडातून झिरपणारं गंधक खाल्लं की पोट भरलं. आणि एक दिवस कुणीतरी तुम्हाला उचलतं आणि थेट फ्रीजमध्ये ठेवतं. काय होईल तुमचं?

उघडा डोळे. भिंगरीला त्या दिवशी दुपारभर हाच प्रश्न छळत होता.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी ती टिकायचीच नाही, म्हणून घरात सगळे तिला तसं म्हणत. वरच्या मजल्यावर तिचं घर होतं आणि तळमजल्यावर बाबांची रक्त तपासायची प्रयोगशाळा. त्या सकाळी तिची आत्या डोंगरातून तडक त्यांच्याकडे आली होती. कपड्यांवर धूळ, डोळे तांबारलेले, खांद्याला एक जड पेटी आणि हातात थर्मास. थर्मासमध्ये काचेच्या तीन नळ्या होत्या, आणि नळ्यांत त्या झऱ्याचं पाणी.

"हात लावू?" भिंगरीनं विचारलं.

"पेटीला लाव. नळ्यांना नको."

"पेटी काय करते?"

"ढेकर ऐकते," आत्या म्हणाली. "हसतेस काय? खरंच. ही यानातून दुसऱ्या ग्रहावर जाणार आहे. तिथली माती पोटात घेईल, ऊब देईल, खाऊ घालेल. मातीत कोणी जिवंत असेल तर ते खाईल, आणि खाल्लं की वायू सुटणारच. वायू सुटला की या पडद्यावरची रेघ वर चढते."

"आणि हे पाणी?"

"तिथं कोणी असलंच, तर ते आपल्यासारखं लाडावलेलं नसणार. कढत पाण्यात, गोठलेल्या खडकात, कुठंही चिवटपणे तग धरणारं असणार. म्हणून आधी इथले तसले जीव पेटीला ओळखता यायला हवेत."

यानात एकाच यंत्रापुरती जागा उरली होती आणि त्या जागेवर डोळा ठेवून बसलेली यंत्रं होती दोन. त्यांतलं कोणतं न्यायचं ते यान पाठवणाऱ्या संस्थेच्या प्रमुख बाई संध्याकाळी ठरवणार होत्या. पेटीला नळीतले जीव ओळखता आले नाहीत, तर आत्याची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. पुन्हा पाणी आणावं म्हटलं, तर आत्या खाली उतरताच झऱ्याची वाट बर्फानं बंद झालेली.

आत्यानं शेगडीवर पातेलं ठेवलं, पाण्यात तापमापक सोडला, नळ्या उभ्या केल्या आणि आच बारीक केली. "मी घटकाभर पडते. तू इथं बस. कोणालाही हात लावू देऊ नकोस."

भिंगरी बसली. पाय हलवले. बोटं मोडली. तापमापक वाचला, पुन्हा वाचला, पारा जागचा हलेना. मग खालच्या गल्लीत कोणाच्या तरी सायकलची साखळी सुटल्याचा आवाज आला. ती फक्त बघायला म्हणून गॅलरीत गेली, आणि मग फक्त मदतीला म्हणून खाली.

ती परत आली तेव्हा पातेलं रिकामं होतं आणि शेगडी बंद. आत्या दारात उभी होती.

"नळ्या कुठं आहेत?"

भिंगरीनं पातेल्यात डोकावून पाहिलं. तेवढ्यात बाबाच शीळ घालत जिना चढून आले. "काय शहाणे, झाली का झोप? आभार मान माझे. तुझे नमुने मी वाचवले."

"वाचवले म्हणजे?"

"अगं, कोणा दिवट्यानं गरम पाण्यात ठेवले होते! नमुना म्हटला की थंडच ठेवायचा, हे माझा शिकाऊ पोरगासुद्धा सांगेल. नीट पुसले आणि खाली फ्रीजमध्ये ठेवले."

आत्या म्हणाली, "दादा, तो दिवटा म्हणजे मी."

मग काय झालं ते समजल्यावर बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "चिठ्ठी तरी लावायचीस," ते पुटपुटले.

"चिठ्ठी कशाला? पहारेकरी ठेवला होता की."

भिंगरीला वाटलं, आत्यानं ओरडावं, एक धपाटा घालावा. आत्यानं त्यातलं काहीच केलं नाही, आणि तेच सोसवेना.

नळ्या वर आल्या. हाताला गार लागत होत्या. आत्यानं त्यातला एक थेंब बाबांनी वर आणलेल्या मायक्रोस्कोपखाली धरला. भिंगरीनंही डोळा लावला. बारीक बारीक काड्या दिसल्या, पण एकही हलत नव्हती.

"मेले?"

"माहीत नाही. गाढ झोपलेलं आणि मेलेलं, इथून सारखंच दिसतं."

एका नळीतलं पाणी पेटीत गेलं. ऊब सुरू झाली, खाऊ पडला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, आखून काढावी तशी सरळ. भिंगरी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून पुन्हा पेटीपाशी. बाबाही खाली जात आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून वर येत. रेघ तशीच राहिली.

शेवटी पेटीनं टुण्ण केलं. पडद्यावर अक्षरं आली: जीव नाही. आणि आत पंप घरघरायला लागला.

"हे काय करतेय ती?"

"कोणी नाही असं ठरलं की ती पोट धुऊन टाकते. पुढची माती घ्यायची असते ना."

"पण झोपले असतील तर? कोणी उठायच्या आधीच?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि झडप घालून पंपाची तार ओढली. घरघर थांबली.

"एवढाच वेळ थांबायचं, हे मीच तिला शिकवलंय," ती सावकाश म्हणाली. "झऱ्यावर ताजं पाणी घातलं की रेघ लगेच चढायची. मला वाटलं, एवढा वेळ पुष्कळ झाला. आणि तिथल्या मातीत कोणी असलं, तर ते युगानुयुगं गारठून पडलेलं असणार!"

"म्हणजे तुझी पेटी दार वाजवून लगेच पळ काढणार," बाबा म्हणाले.

"आज तुम्ही बोलूच नका दादा."

चहा झाला, तो तसाच निवला. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. भिंगरी पडद्याकडे बघायची, मग मुद्दाम पाठ फिरवायची, कारण बघितलं की रेघ हलत नाही अशी तिची खात्रीच झाली होती. आणि ती पाठमोरी असतानाच बाबा ओरडले, "ए, चढली! चढली बघ!"

रेघेचं टोक वर उचललं होतं. अगदी इवलंसं, नखाएवढं. मग आणखी थोडं.

भिंगरीनं टाळ्या पिटल्या. बाबांनी तिला उचललं. आत्या मात्र हसली नाही. ती ओठ चावत रेघेकडे बघत राहिली.

"आता काय झालं?" बाबांनी विचारलं.

"नुसत्या पाण्याची वाफही असेल. खाऊच आपोआप विरघळत असेल. जीवच आहेत हे कशावरून?"

तेवढ्यात फोन वाजला. प्रमुख बाई होत्या. आत्यानं काही लपवलं नाही. फ्रीज सांगितला, सपाट रेघ सांगितली, आणि जीव नाही हे पेटीचं उत्तरही. "मॅडम, थांबायची वेळ मी चुकीची ठरवली होती. आता रेघ चढतेय. पण मी अजून छातीठोक सांगणार नाही."

भिंगरी फोनला कान लावायला जवळ सरकली. मग आत्या नुसतं "हो, हो" म्हणत राहिली आणि फोन ठेवला.

"उद्या सकाळपर्यंत वेळ दिलाय. त्यांना दोन रेघा हव्यात. एक या नळीची. दुसरी अशा नळीची, जिच्यातले जीव नक्की मेलेत. पाणी तेच, खाऊ तोच. तिची रेघ सपाट राहिली आणि हिची चढली, तर पेटी यानात जाईल. दोन्ही चढल्या तर नाही."

"मग उकळू या एक नळी," बाबा म्हणाले.

"उकळून यांना काय होतंय? तुमचं वाफेचं यंत्र लागेल."

खाली प्रयोगशाळेत बाबा सुया आणि बाटल्या ज्यात निर्जंतुक करत, ते जाड झाकणाचं यंत्र. त्यातून जिवंत बाहेर येणं कठीण.

टेबलावर दोन नळ्या उरल्या होत्या. आत्यानं भिंगरीकडे पाहिलं. "दोन्ही सारख्याच आहेत. वाफेला कोणती द्यायची, ते तू सांग."

"मी?"

"तुला नको असेल तर मी उचलते."

भिंगरीनं दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. दोन्हींत तेच गढूळसर पाणी, तळाशी तोच पिवळा गाळ. तिनं एक जपून ठेवायला आत्याच्या हातात दिली. दुसरीचं बूच घट्ट आहे ना, ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"आण इकडे," बाबांनी हात पुढे केला.

"मी आणते," ती म्हणाली. नळी मुठीत धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ती जिना उतरू लागली.