दातांत धरलेला सूर

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी गुडघ्यावर आपटा. टेबलाच्या कडेवर नको, दगडावर तर मुळीच नको. आपटल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि आपटल्यावरही माझं बोलणं फार वेळ टिकत नाही. म्हणून माझी जन्मकथा सलग नाही. सूर जिथे संपेल तिथे वाक्य थांबेल, मग ते पुरं झालेलं असो वा नसो. तुम्ही पुन्हा आपटा, मी पुढचं सांगेन.

टण्.

मी पोलादाचा जुना नादकाटा आहे. दोन भुजा, खाली एक दांडा, दांड्याच्या टोकाला वाटाण्याएवढं बोंड. शाळेच्या प्रयोगशाळेत माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. ते धडा शिकवतात, मी पियानो सुरात लावायच्या कामाला आहे. मला एकच सूर येतो. पण तो इतका पक्का, की पियानोच्या साऱ्या तारा त्याच्यावरून आपापली जागा शोधतात.

ज्याने मला घडवलं तो कानस घेऊन बसायचा. भुजांची टोकं घासली की सूर चढतो, भुजा जिथे मिळतात तिथे घासलं की उतरतो. तो एकदा कानस फिरवायचा, ऐकायचा, पुन्हा एकदा फिरवायचा. शेवटी त्याने कानस खाली ठेवली. आणखी एकदा फिरवली असती तर मी

टण्.

बिघडलो असतो, असं म्हणत होतो. असो.

मी एका पियानो लावणाऱ्या कारागिराच्या शर्टाच्या खिशात आलो. त्याच्या कामाला दोन्ही हात लागतात. एका हातात तारा पिळायची किल्ली, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर. मग मला धरणार कोण? तो मला गुडघ्यावर आपटायचा आणि माझा दांडा समोरच्या दातांत धरायचा. माझा थरार त्याच्या दातांतून जबड्यात जायचा, जबड्याच्या हाडातून थेट कानाच्या आत. त्याचं डोकं म्हणजे माझं घर झालं होतं. सभागृहात कार्यक्रम संपला की वाजवणारा वाकून टाळ्या घ्यायचा. कारागीर मागच्या दाराशी उभा असायचा आणि खिशावर हात ठेवून म्हणायचा, "ऐकल्यास? त्यातल्या थोड्या आपल्या."

वर्षं गेली. तो मला दातांत जास्त वेळ धरू लागला. हवेतून येणारा आवाज त्याच्या कानात आता नीट शिरत नव्हता. हाडातून जाणारा तेवढा अजून लख्ख होता. कारागिराच्या कानाला उणं आलेलं कुणाला सांगतात का? त्याने सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

टण्.

मग हिरड्या सुजल्या. त्याने दुर्लक्ष केलं. दात हलले, त्याने एका बाजूने खायला सुरुवात केली. अखेर वरचे समोरचे चारही दात गेले आणि तिथे कवळी आली. दिसायला छान, गुलाबी, लाजरी. पण मला तिच्यात धरलं की ती खडखडायची आणि माझा सूर हिरडीवरच बसून राहायचा, गादीवर पडलेल्या मुलासारखा. हाडापर्यंत काही पोचेना.

त्याच महिन्यात संगीतशाळेच्या बाईंनी त्याला परत बोलावलं. "काका, मधलं सप्तक खाली बसलंय हो. मुलांनासुद्धा कळतंय." त्याने हवेला दोष दिला. हवा बिचारी गप्प राहिली.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, आता इम्प्लांट करून टाका. हाडात बसवतात. काढा-घाला नाही, खडखड नाही."

"हाडात?" कारागिराने घास तसाच ठेवला.

"हाडातच. जन्माचे पक्के."

"जन्माची पक्की तर मीही होते," त्याची बायको म्हणाली, "माझं तरी कुठे ऐकतात?"

मुलगी हसली. कारागीर हसला नाही. तो हाडाचा विचार करत होता. कवळी सूर अडवते, हाड अडवत नाही. दात हाडात असले की मी पुन्हा

टण्.

घरी जाईन, असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

दाताच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना लहानसा होता. खुर्चीला मान टेकायची जागा झिजलेली, खिडकीत पाण्याच्या बाटलीत वाढवलेली एक वेल. बायको शेजारी स्टुलावर बसली. बाईंनी तोंड तपासलं, जबड्याचा स्कॅन पडद्यावर लावला, रक्ताचा रिपोर्ट वाचला. मग हातमोजे काढले आणि विचारलं, "काका, हे दात तुम्हाला कशासाठी हवेत?"

"खायला."

बायको म्हणाली, "यांना ताटात काय वाढलंय ते जेवण झाल्यावर विचारावं लागतं."

बाई हसल्या आणि समजावू लागल्या. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला छोटा स्क्रू. हाड त्याला हळूहळू धरतं, त्याला काही महिने लागतात, मग वर दात चढतो. चांगला उपाय आहे, पण प्रत्येकाच्या तोंडाला नाही. काकांचं समोरचं हाड पातळ झालंय, आधी तिथे हाड भरावं लागेल. साखर वाढलेली आहे. ती आटोक्यात आल्याशिवाय जखम नीट भरायची नाही. आणि ज्या हिरड्यांच्या आजाराने दात गेले, तो अजून मागच्या दातांपाशी ठाण मांडून आहे. तो नव्या स्क्रूलाही सोडणार नाही. ब्रिज, म्हणजे दातांचा पूल, करायचा तर शेजारचे दात आधाराला लागतात, आणि ते स्वतःच डुगडुगतायत.

"म्हणजे नाहीच?" बायकोने विचारलं.

"नाही असं नाही म्हणत मी. आज नाही. हिरड्या, साखर, मग पुन्हा स्कॅन. तोवर कवळी नीट घट्ट करून देते."

एवढ्यावर दुसरा माणूस उठला असता. कारागीर उठेना. "हाडात पक्के बसतात ना पण?"

"बसले तर पक्के."

"मग त्यावर काही टेकवलं, तर ते आत जाईल?"

"काय आत जाईल?"

"म्हणजे... थरथर."

"काका, काय टेकवणार आहात?"

त्याचा हात खिशाकडे आला. मित्रांनो, इतक्या वर्षांत तो हात इतका जड मला कधी लागला नव्हता. त्याने मला बाहेर काढलं, गुडघ्यावर

टण्.

आपटलं, आणि सगळं सांगितलं. दोन हातांचं काम, दातांतला दांडा, संगीतशाळेचं खाली बसलेलं सप्तक. फक्त कानाचं तेवढं गाळलं.

"आवाज पोचेल," बाई म्हणाल्या. "कवळीपेक्षा बहुधा चांगला पोचेल."

त्याचा चेहरा उजळला.

"पण रोज हे पोलाद दातांत आवळणार असाल तर मी ते बसवणार नाही. आपल्या मूळच्या दाताखाली एक पातळ गादी असते. किती जोर लावतोय ते ती सांगते. इम्प्लांटला ती नसते. तुम्ही सुराच्या नादात आवळत राहाल, वरचा दात टवका जाऊन फुटेल, नाहीतर स्क्रू ढिला होईल. त्यात तुमचं हाड हे असं. खायला म्हणून आलात तर पुढे मागे विचार करू. याच्यासाठी मी नाही म्हणेन."

"मग माझं काम संपलं," तो म्हणाला. त्याने हे इतक्या शांतपणे म्हटलं, की बायको स्टुलावरून उठली.

बाईंनी मला त्याच्या हातून घेतलं, पुसलं, आपटलं आणि माझं बोंड त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. "येतंय ऐकू?"

"येतंय. स्वच्छ."

"थांबलं की सांगा."

"थांबलं."

लगेच त्यांनी माझ्या भुजा त्याच्या कानासमोर आणल्या. मी अजून वाजत होतो. धड कानाच्या माणसाला मी या वेळी हवेतून ऐकू येतो. "आणि आता?"

खोलीत मी बारीक आवाजात वाजत होतो. बायकोला ऐकू येत होतं, बाईंना येत होतं. त्याने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं की त्यांना येतंय.

"मी कानाची डॉक्टर नाही," बाई हळू म्हणाल्या, "शिकताना एवढं शिकवतात. आतली नस चांगली वाटतेय. अडतंय ते मधेच कुठेतरी. याच्यावर उपाय असतात. दात राहू देत थोडे दिवस. आधी कान दाखवा."

"किती दिवसांपासून हे?" बायकोने विचारलं.

"झाली काही वर्षं."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ती म्हणाली. मग पदराने डोळे टिपले. "आणि मी आपली तुम्हाला बहिरा म्हणून टोमणे मारत होते. खरंच आहात हे सांगायचं नाही का?"

टण्.

दुसऱ्या दिवशी संगीतशाळेत दोघं गेली. कानाच्या डॉक्टरची वेळ पुढच्या आठवड्यातली होती, पियानो थांबायला तयार नव्हता. त्याने कवळी काढून खिशात ठेवली, झाकण उघडलं, किल्ली लावली. बायकोने मला आपटलं आणि बोंड त्याच्या कानामागे धरलं.

"दाबू नकोस. नुसतं टेकव."

"मान हलवू नका मग."

त्याने तार थोडी पिळली. माझा सूर आणि तारेचा सूर शेजारी शेजारी असले की एक लाट येते, वाँव वाँव करत. लाट लांबली, सैल झाली आणि मावळली. तार जागेवर आली होती. तिला सुरातलं काही कळत नाही, पण त्याचे खांदे खाली आलेले तिला मागून दिसले.

"दातांचं काय ठरवलंत?" तिने विचारलं. तो पुढच्या तारेकडे वळला होता. ती पुन्हा ओरडली नाही. वळसा घालून त्याच्या समोर आली आणि तेच सावकाश विचारलं.

"इतक्यात नकोत," तो म्हणाला. "साखर उतरली, हिरड्या भरल्या, तर खायला म्हणून बघू. नाही जमलं तर कवळी आहे. मी दातांकडून भलतंच काम मागत होतो."

हे बोलताना तो दातांशिवाय मोकळेपणाने हसला, तोंडावर हात न धरता.

मित्रांनो, माझी निगा राखणं सोपं आहे. कोरडं ठेवा, गंजू देऊ नका, कानस जवळ आणू नका. माणसांचं अवघड असतं. ती दुखणं एकीकडे दाखवतात आणि दुसरीकडे दाबून ठेवतात. तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस काही नवं बसवून घ्यायला निघालं, तर कशासाठी हवंय ते विचारा. उत्तर आलं तरी लगेच उठू नका. जरा बसा त्यांच्याजवळ. खरं उत्तर बहुधा त्यानंतर येतं.